रानातला कॅमेरा: शिवारासाठी कोणता, घरासाठी कोणता

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या कोल्हापूरच्या पट्ट्यात ज्याचं शिवार आहे, त्याला सकाळी बांधावर आल्यावर एकच प्रश्न पडतो: रात्री कोण येऊन गेलं? भात तुडवलेलं असतं, उसाचे कोंभ खाल्लेले असतात. गवा होता, डुकरं होती, की दुसरंच काही? नदीकाठी ज्यांच्या पाण्याच्या मोटारी आहेत त्यांचा प्रश्न वेगळा. केबल कुणी कापून नेली? आणि गावातलं घर कुलूप लावून पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांचा तिसरा. हल्ली या तिघांनाही एकच सल्ला मिळतो, "वायरलेस ट्रेल कॅमेरा लाव." सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या नावाखाली एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू विकल्या जातात, आणि चुकीची वस्तू घेतली की पैसेही जातात आणि रात्रीचं कोडं तसंच राहतं.

म्हणून खरेदीआधी स्वतःला एकच गोष्ट विचारायची. काय घडलं ते मला नंतर कळलं तरी चालणार आहे, की घडत असतानाच कळायला हवं? बाकीची सगळी निवड या उत्तरावर उभी आहे.

ट्रेल कॅमेरा सीसीटीव्हीपेक्षा वेगळा असतो. सीसीटीव्ही सतत जागा असतो आणि त्याला सतत लाईट लागते. ट्रेल कॅमेरा सेलवर चालतो आणि बहुतेक वेळ पडवीत झोपलेल्या कुत्र्यासारखा असतो: डोळे मिटलेले, कान उघडे. समोर काही हललं की जागा होतो, फोटो किंवा छोटा व्हिडिओ घेतो आणि पुन्हा झोपतो. त्यामुळेच तो सेलच्या एका भरणीवर कित्येक आठवडे, कमी वर्दळीच्या जागी काही महिनेही रानात उभा राहू शकतो. परदेशात ही यंत्रं प्रामुख्याने शिकारीचा माग काढण्यासाठी खपली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे या यंत्रांचा उपयोग जनावर ओळखणं, त्याची वाट आणि वेळ समजून घेणं आणि आपली माणसं सावध ठेवणं एवढाच.

तो 'कान' म्हणजे पीआयआर सेन्सर. प्रत्येक उबदार शरीरातून न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. सेन्सरच्या पुढे खाचा-खाचांचं पांढरट प्लॅस्टिकचं भिंग असतं, ते समोरच्या जागेचे पट्टे पाडतं. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेलं की सेन्सरवर पडणारी उष्णता बदलते आणि कॅमेरा जागा होतो. म्हणजे नुसती हालचाल पुरत नाही आणि नुसती उष्णताही पुरत नाही, दोन्ही एकत्र लागतात. कॅमेऱ्याचं निम्मं वागणं या एका गोष्टीतून समजतं.

एप्रिलच्या दुपारी जमीन, दगड आणि हवा तापून अंगाच्या उष्णतेच्या जवळ येतात. मग जनावर आणि मागचा माळ यांत सेन्सरला फरकच कळत नाही आणि समोरून गेलेलं जनावर सुटतं. डिसेंबरच्या पहाटे हाच कॅमेरा लांबून टिपतो. उन्हात तापलेली उसाची पानं वाऱ्याने हलली की सेन्सर फसतो आणि संध्याकाळी कार्डात नुसत्या पानांचे शेकडो फोटो निघतात. काचेतून ही उष्णता जात नाही, त्यामुळे घराच्या खिडकीआतून बाहेर रोखलेला ट्रेल कॅमेरा जवळजवळ आंधळाच. आणि जनावर सरळ कॅमेऱ्याकडे चालत आलं तर ते पट्टे ओलांडत नाही, म्हणून उशिरा कळतं. आडवं गेलं तर लगेच कळतं.

'वायरलेस'चे तीन अर्थ

खोक्यावरचा हा शब्द सगळ्यांत जास्त फसवतो. पहिल्या प्रकारात वायरलेस म्हणजे फक्त वायर नाही, सेल आहेत. फोटो आतल्या मेमरी कार्डात साठतात, ते आणायला तुम्हाला जावं लागतं.

दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्यात वायफाय आणि ब्लूटूथ असतं, पण ते घरातल्या इंटरनेटला जोडायचं नसतं. कॅमेरा स्वतःचं छोटं जाळं तयार करतो. तुम्ही त्याच्यापासून दहा-पंधरा मीटरवर उभं राहून मोबाईलवर फोटो उतरवून घेता. झाडावर उंच लावलेला कॅमेरा उघडावा लागत नाही, एवढाच त्याचा फायदा, आणि तो चांगला फायदा आहे. पण दुकानात "मोबाईलवर दिसतंय की" असं सांगितलं जातं आणि माणूस समजतो की कोल्हापुरात बसून दाजीपूरच्या शेतातलं दिसेल. तसं ते दिसत नाही.

तिसरा प्रकार सिमकार्डवाला. फोटो निघाला की कॅमेरा मोबाईलच्या टॉवरमार्फत तो तुमच्या फोनवर पाठवतो. 'लगेच कळायला हवं' हे ज्याचं उत्तर आहे, त्याला हाच लागतो. आणि चोराने कॅमेराच उपटून नेला तरी त्याचा फोटो तोवर तुमच्या हातात आलेला असतो.

सिमवाला कॅमेरा घेताना एक तपासणी चुकवायची नाही: तो कुठल्या 4जी बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या कुठल्या पट्ट्यावर, चालतो. भारतात मोबाईल कंपन्यांचं 4जी मुख्यतः 1, 3, 5, 8 आणि 40 या बँडवर आहे. बीएसएनएलच्या नव्या 4जीसाठी 28 आणि 1 पाहावेत. अमेरिकेसाठी बनवलेले कॅमेरे 2, 4, 12, 13, 66 असल्या बँडसाठी असतात आणि पुष्कळदा तिथल्याच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात. नातेवाइकांनी तिकडून हौसेने आणलेला महागडा कॅमेरा इथे टॉवर शोधत सेल संपवतो, तो यामुळे. जुने 2जी किंवा 3जीवर चालणारे स्वस्त मॉडेलही टाळा. जिओच्या जाळ्यात 2जी-3जी नाहीच, आणि एअरटेलने 3जी केव्हाच बंद केलं आहे.

सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं, हे जाहिरातीवरून ठरवू नका. ज्या झाडावर कॅमेरा लावणार त्याच्या बुंध्याशी, त्याच उंचीवर, वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन धरून इंटरनेट चालतं का ते पाहा. घाटाखालच्या दऱ्यांत पन्नास पावलांवर रेंज बदलते. रेंज कमजोर असेल तर एकेक फोटो पाठवायला कॅमेरा जास्त वेळ धडपडतो आणि सेल त्यातच संपतात. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचं पिनचं कुलूप काढून टाका, आणि रिचार्जची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. डेटा फार लागत नाही. बहुतेक कॅमेरे मूळ फोटो कार्डात ठेवतात आणि फोनवर लहान करून पाठवतात, तो साधारण शे-दोनशे केबीचा असतो. दिवसाला शंभर फोटो आले तरी वीस एमबीच्या आतबाहेर. व्हिडिओ पाठवायला लावलंत तर मात्र हिशेब पार बदलतो आणि सेलचाही जीव जातो.

आणखी एक खर्च खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो. काही कंपन्यांचं अ‍ॅप दरमहा पैसे भरल्याशिवाय फोटो देत नाही किंवा मोजकेच देतं. वर्गणी थांबली की कॅमेरा नुसता कार्डवाला उरतो. घेण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

मेगापिक्सेलकडे पाहू नका

खोक्यावर 36, 48 असे मेगापिक्सेलचे आकडे असतात. आतली फोटो टिपणारी चकती बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी कमी ताकदीची असते. बाकीचे ठिपके सॉफ्टवेअर मधे-मधे भरून आकडा फुगवतं. फोटो मोठा होतो, तपशील तेवढाच राहतो, कार्ड मात्र लवकर भरतं. त्याऐवजी दोन वेळांकडे पाहा. जाग आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ, आणि एक फोटो झाल्यावर दुसऱ्यासाठी तयार व्हायला किती वेळ. चांगल्या कॅमेऱ्याची पहिली वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत असते. पायवाटेपासून तीन मीटरवर कॅमेरा असेल तर त्याच्या नजरेत वाटेचा जेमतेम तीन मीटरचा तुकडा येतो. चालता बिबट्या तो दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. कॅमेऱ्याने सेकंद-दीड सेकंद घालवला तर हाती शेपटी लागते. दुसरी वेळ गव्यांसाठी महत्त्वाची. कळप एकामागून एक जातो, आणि पहिला गवा टिपून पुढचं अर्धं मिनिट कॅमेरा निवांत राहिला तर मागे किती होते ते कळतच नाही.

रात्रीचा उजेड हा तिसरा खरा फरक. अंधारात कॅमेरा अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लावतो आणि काळा-पांढरा फोटो घेतो. 850 नॅनोमीटरचे दिवे लांबपर्यंत उजेड टाकतात, पण जवळून पाहणाऱ्याला मंद तांबूस ठिपके दिसतात. 940 नॅनोमीटरचे माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, मात्र पल्ला कमी आणि फोटो थोडा दाणेदार. शिवारात जनावरं पाहायची असतील तर 850 चालतात. जॅकवेल (नदीकाठची मोटारीची विहीर), शेतातली खोली, ट्रॅक्टरची शेड राखायची असेल तर 940 घ्या. तांबडे ठिपके दिसले की चोर आधी कॅमेऱ्याकडेच येतो. गाडीचा नंबर मिळेल ही आशा मात्र दोन्हींकडून फारशी धरू नका. नंबरप्लेट अवरक्त उजेड परतवते आणि फोटोत बहुधा कोरी पांढरी पट्टी येते.

सेलचं गणित साधं आहे, पण त्यात बरेच जण अडकतात. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा आणि चार्ज होणारा निकेलचा सेल 1.2 व्होल्टचा. आठ सेलच्या कॅमेऱ्यात चार्जवाले घातले की काही मॉडेल पहिल्या दिवसापासून सेल संपल्याचं दाखवतात किंवा रात्रीचे दिवे मंद करतात. माहितीपुस्तकात चार्जवाले सेल चालतील असं लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर दीड व्होल्टचे लिथियम सेल घाला. महाग पडतात, पण टिकतात. जुने-नवे सेल मिसळू नका, जुना गळतो आणि कॅमेरा खराब करतो.

सोलर पॅनेल आपल्याकडे ऑक्टोबर ते मे उत्तम चालतं. जून ते सप्टेंबर गगनबावडा-राधानगरीकडे ऊन दिवसेंदिवस दिसत नाही, तेव्हा निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका. दाट झाडाखालीही ते निरुपयोगी. पॅनेल दक्षिणेकडे थोडं कलतं आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ही जोडी चांगली जमते, कारण वर्षाचा बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून फिरतो आणि उत्तरेकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात ऊन जात नाही. फक्त मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोल्हापुरात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यातला मे सोडला तर आभाळ बहुधा भरलेलंच असतं, त्यामुळे फारशी अडचण येत नाही.

कुठे लावायचा

चांगल्या जागी लावलेला साधा कॅमेरा चुकीच्या जागी लावलेल्या भारी कॅमेऱ्यापेक्षा जास्त सांगतो, हे मी अगदी खात्रीने लिहितो. आधी दोन-तीन सकाळी नुसतं फिरा. ओढ्याकडे उतरणारी पायवाट, दोन फडांमधली पाणंद, कुंपणाची फट, चिखलातली पाऊलखुण. बिबट्याच्या ठशात सहसा नख्या उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. गव्याचं खूर आणि शेण शेतकऱ्याला ओळखायला शिकवावं लागत नाही.

बिबट्या, रानमांजर, साळिंदर यांच्यासाठी कॅमेरा जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर. देशातल्या व्याघ्रगणनेतही कॅमेरे साधारण याच उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके डाव्या-उजव्या अंगाला वेगळे असतात आणि त्यावरूनच एकेक जनावर ओळखलं जातं. 2018 च्या गणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लागले होते आणि त्यांनी 3 कोटी 48 लाखांहून जास्त फोटो घेतले. जगातलं तोवरचं सर्वांत मोठं कॅमेरा सर्वेक्षण म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. गव्यासाठी उंची कमरेपर्यंत न्या, कारण मोठा नर खांद्याशी जवळजवळ माणसाएवढा असतो.

कॅमेरा वाटेला काटकोनात न ठेवता तिरका ठेवा. जनावर पट्टेही ओलांडतं आणि नजरेत जास्त वेळही राहतं. समोरचं गवत, लोंबणाऱ्या फांद्या काढा. रात्री जवळचं एक पातं दिव्याच्या उजेडात पांढरं फटक होतं आणि मागचं जनावर काळोखात जातं. पावसाळ्यात हे गवत पंधरा दिवसांत परत उभं राहतं. उसाच्या फडाकडे तोंड असेल तर उन्हाळ्यात सेन्सरची संवेदना कमी करा, नाहीतर पानांचेच फोटो येतील. कोळ्याची जाळी पुसा, खोबणीत मुंग्या घर करतात ते झटका. माकडं पट्टा ओढतात, म्हणून पत्र्याची पेटी आणि तारेचं कुलूप घ्या. आजरा-चंदगडकडे हत्तीच्या वाटेवर मात्र पेटीही टिकेल याची खात्री नाही. तिथे उंच, बाजूच्या झाडावर लावा.

माणसासाठी सगळं उलट. कॅमेरा अडीच-तीन मीटर उंच, खाली झुकवलेला, हात पोहोचणार नाही असा. तोंड दाराकडे किंवा मोटारीकडे नको, तिथे येण्याच्या वाटेकडे. चोर पाठमोरा काम करताना दिसण्यापेक्षा येताना चेहरा दिसणं मोलाचं. वाटेवर रोखलेला एक आणि त्या पहिल्यावर रोखलेला लपवलेला दुसरा, अशी जोडी परवडत असेल तर जरूर करा.

गावातल्या बंद घराचं काय? घरात लाईट आणि इंटरनेट असेल तर ट्रेल कॅमेरा घेऊ नका, साधा सीसीटीव्ही घ्या. ट्रेल कॅमेरा फोटो पाठवायला वीस-तीस सेकंद ते एखादं मिनिटही घेतो, आणि 'आत्ता थेट दाखव' म्हटलं तर सेल फार खातो. लाईट जाते त्या वेळेसाठी राउटरला छोटा यूपीएस जोडा. सीसीटीव्हीत सिमवाले प्रकारही मिळतात, घरात इंटरनेट नसेल तर ते बरे. ट्रेल कॅमेऱ्याची जागा जिथे लाईटच नाही तिथे: नदीकाठ, माळावरची शेड, रात्रीची थ्री फेज सोडली तर वीज नसलेली खोप.

कॅमेरा आपल्या जमिनीत लावायला हरकत नाही. राखीव जंगलात किंवा राधानगरी अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात स्वतःच्या मनाने लावणं बेकायदा आहे. अभयारण्यात फोटो किंवा अभ्यासासाठी जायला वन्यजीव कायद्याच्या 28 व्या कलमाखाली परवानगी घ्यावी लागते. शेताची हद्द जंगलाला लागून असेल तर कॅमेऱ्याचं तोंड आपल्याच बाजूला ठेवा. घराजवळ लावताना शेजारच्यांचं अंगण, न्हाणीघर, पाणवठा नजरेत येत नाही ना ते फोटो पाहून तपासा. बाईच्या खासगी क्षणाचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या 77 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि हेतू नव्हता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा कॅमेरा फिरवणं सोपं.

बिबट्याचा फोटो आला तर? पहिला आवेग तो गावाच्या ग्रुपवर टाकण्याचा असतो. कृपा करून ठिकाणासकट टाकू नका. पहाटे बघ्यांची गर्दी जमते, जनावर कोंडलं जातं आणि माणसं जखमी होतात ती तेव्हा. फोटो आला म्हणजे संकट आलं असंही नाही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले. माणसं तिथेच राहत होती, ऊस तिथेच उभा होता. त्याआधी जुन्नर भागातल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. म्हणून "पिंजरा लावा" ही मागणी करण्याआधी कॅमेऱ्यातल्या वेळा पाहा. तो रोज रात्री दोनला जातो की संध्याकाळी सातला? रातपाळीचं पाणी पाजायला एकट्याने जायचं नाही, बॅटरी आणि काठी घ्यायची, मोबाईलवर गाणी लावायची, ऊसतोड टोळीच्या खोपी त्या वाटेपासून लांब घालायच्या, पोरांना फडाच्या कडेला एकटं सोडायचं नाही, कोंबड्या-शेळ्या बंद जाळीत ठेवायच्या, हे सगळं त्या वेळांवरून ठरवता येतं. बिबट्या वस्तीत शिरला, जखमी दिसला किंवा पिल्लं सापडली तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

चोराचा फोटो आला तर 112 वर फोन करा, आणि एकट्याने शेतात धावून जाऊ नका. नंतरची काळजी मेमरी कार्डाची. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर नसेल तर फोटोची किंमत तिथेच निम्मी होते, म्हणून दर वेळी सेल बदलल्यावर ती तपासा. कार्ड काढून ठेवा, त्यावर नवे फोटो घेऊ नका, फोनवर आलेली लहान प्रत पुरेशी समजू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमानुसार अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाइल जशीच्या तशी असेल तर ते काम सरळ होतं. पोलिसांना कार्ड देण्याआधी त्याची एक प्रत दुसऱ्या जागी उतरवून ठेवा आणि दिल्याची पोच लेखी घ्या.